अस्करचा लॉर्ड गोताड

आमच्या साहेबाचं आडनाव हॉबडे. मी बहारीनला नवा होतो तेव्हा ऑफिसात सगळे ‘हबडे साहेब, हबडे साहेब’ म्हणायचे. त्यावरून मला वाटलं, माणूस कऱ्हाड-साताऱ्याकडचा असणार. पहिल्याच दिवशी केबिनमध्ये शिरता शिरता मी विचारलं, "साहेब, गाव कुठलं तुमचं?" समोर सहा फुटी इंग्रज बसला होता, उन्हाने लालबुंद झालेला. तो म्हणाला, "आय बेग युवर पार्डन?" तेव्हापासून मी त्याच्याशी इंग्रजीच बोलतो.

मी मुनाफ हमदुले, राजापूरचा. अस्करला अॅल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्याच्या अलीकडे आमच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. परांच्या बांधणं, लाकडी पेट्या, फळ्या, दुरुस्त्या अशी कामं. मी स्टोअरचा क्लार्क. टाइपरायटर माझ्याकडे, किल्ल्या माझ्याकडे, त्यामुळे माझा रुबाब पगारापेक्षा जरा जास्तच होता. मी आणि माझी बायको नसीमा नईम नावाच्या वस्तीत राहायचो. बाकीची साठेक माणसं वर्कशॉपच्या मागच्या कॅम्पमध्ये.

त्यातला एक महादेव गोताड, लांज्याकडचा सुतार. बुटका, काटक, कानावर कायम पेन्सिल. हा माणूस रिकामा बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवतानासुद्धा टेबलाचा पाय हलवून बघायचा आणि हलला तर जेवण सोडून पाचर ठोकायचा. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, शिमग्याला गावी जायचं. गावच्या देवाची पालखी नाचवायला त्याचा खांदा लागायचा, असं त्याचं म्हणणं. पण शिमगा येतो मार्चात आणि मार्चात आमच्या गिऱ्हाइकांची शटडाउनची कामं. मशिनं बंद करून दुरुस्ती करायची, म्हणजे आमची सगळी माणसं हजर पाहिजेत. पाच वर्षं महादेव अर्ज करत होता आणि पाच वर्षं साहेब पेन टेबलावर दोनदा आपटून एकच वाक्य बोलत होता, "नॉट पॉसिबल, महादेव. हू विल डू युवर वर्क? आफ्टर शटडाउन, वी विल सी." मग महादेवला ऑक्टोबरात रजा मिळायची. तो जायचा आणि लोकांची छपरं दुरुस्त करून परत यायचा.

पंच्याण्णवच्या जानेवारीत साहेबाच्या मॅडमनी हे सगळं सुरू केलं. दरवर्षी कंपनीचा एक स्नेहमेळावा व्हायचा. बिर्याणी, संगीतखुर्ची, साहेबाचं भाषण, खलास. मॅडमना इतिहासाचा भारी नाद. त्या म्हणाल्या, यंदा आपण आठशे वर्षांपूर्वीचं, मेडीवल म्हणजे मध्ययुगातलं, युरोपातलं गाव उभं करू. एक लॉर्ड आणि बाकी त्याची कुळं. त्यांनी सहा पानं टाइप करून पाठवली आणि साहेबाने मला सांगितलं, "मुनाफ, एक्सप्लेन टू द मेन."

मी संध्याकाळी कॅम्पच्या मेसमध्ये पानं घेऊन उभा राहिलो.

"ऐका," मी म्हटलं, "जमीन सगळी लॉर्डची. लॉर्ड म्हणजे मोठा सरदार, जमीनदार. त्याच्या हाताखाली जी माणसं राबायची त्यांना म्हणायचे सर्फ."

"सर्फ म्हणजे कपडे धुवायची पावडर ना?" प्रशांतने विचारलं. हा चिपळूणचा इलेक्ट्रिशियन.

"पावडर वेगळी. हा माणूस."

"मग माणसाला पावडरचं नाव कशाला दिलं?"

"अरे बाबा, माणूस आधीचा!"

यात दहा मिनिटं गेली. मग मी पुढे वाचलं. सर्फाने आठवड्याचे तीन दिवस लॉर्डच्या शेतात फुकट राबायचं. दळण लॉर्डच्याच जात्यावर दळायचं. मुलीचं लग्न करायचं तर लॉर्डला विचारायचं. आणि लॉर्डच्या परवानगीशिवाय गाव सोडून जायचं नाही.

महाडचा लतीफ ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे कफीलच की!"

कफील म्हणजे आम्हाला व्हिसा देणारा मालक. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्याकडेच असायचे. लतीफने दोन शब्दांत सहा पानं गुंडाळली.

"पण एक सवलत आहे," मी म्हटलं. "सर्फ पळून शहरात गेला आणि एक वर्ष एक दिवस सापडला नाही, तर तो मोकळा."

"कुठलं शहर?" लतीफने लगेच विचारलं.

"ते दिलेलं नाही."

साहेबाने एक अट घातली होती, ती मात्र मला आवडली. कोण काय होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ज्याला जे येईल ते. आणि सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत लॉर्ड सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं, साहेबानेसुद्धा. साहेब असा खेळाडू वृत्तीचा होता. तरी आपणच लॉर्ड होणार याबद्दल त्याच्या मनात काही शंका नसावी, कारण लॉर्डच्या सिंहासनाचं माप त्याने स्वतःचं दिलं होतं. ते सिंहासन महादेवने शटरिंगच्या प्लायवूडमधून बनवलं. मॅडमच्या पुस्तकातलं चित्र बघून त्याने एक लाकडी नांगरही केला. चित्रातला नांगर चुकीचा आहे, अशाने माणूस शेत काय नांगरणार, असं म्हणत त्याने तो स्वतःच्या मनाने सुधारला.

रमजान लागायच्या आधीचा शुक्रवार. हमद टाउनच्या बाहेर एका अरबाची खजुराची बाग भाड्याने घेतली होती. जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही बसने निघालो. हमद टाउनमध्ये एकासारखे एक गोल चौक आहेत, नंबर दिलेले. लतीफ प्रत्येक चौकाला दोन फेऱ्या मारून नंबर वाचत होता. शेवटी तिसऱ्यांदा तीच बेकरी दिसली, तेव्हा बसमधले सगळे तिला हात करायला लागले. बेकरीवाल्यानेही हात केला.

बागेत मॅडम दारातच उभ्या. डोक्यावर बुरख्यासारखं पांढरं काहीतरी गुंडाळलेलं आणि त्यावर उंच टोपी. त्यांनी चिठ्ठ्या सेफ्टी हेल्मेटमध्ये घातल्या होत्या. एक लॉर्ड, एक कारभारी, दोन घोडेस्वार सरदार, बाकी सगळे सर्फ.

साहेबाने पहिली चिठ्ठी काढली. उघडली. वाचली. पुन्हा वाचली.

"सर्फ," तो म्हणाला.

मॅडमनी त्याला तांदळाचं रिकामं पोतं दिलं. तीन भोकं पाडलेली होती. सहा फुटी माणसाला ते कमरेपर्यंतच आलं. खाली त्याची इस्त्रीची पॅन्ट.

आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणारा बहारिनी माणूस, हुसेन. त्यालाही सर्फ आलं. त्याने पोत्याकडे बघितलं, मग मला विचारलं, "ते शहराचं काय होतं? एक वर्ष एक दिवस?" मी सांगितलं. "माझं घर हमद टाउनला आहे," तो म्हणाला. "मी पळून गेलो. पुढच्या वर्षी भेटू, इंशाल्ला." आणि बिर्याणीचं एक पार्सल काखेत मारून तो खरंच गेला. मॅडम म्हणाल्या, हे अगदी ऐतिहासिक आहे.

लॉर्डची चिठ्ठी आली महादेवला. त्याने ती मला वाचायला दिली आणि माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झालं? कुणी गेलं काय?"

"महादेवा, तू लॉर्ड!"

"नको रे बाबा. मी पोतं घालतो. मुनाफभाय, बदलून घे."

बदलायची सोय नव्हती. मॅडमनी त्याच्या खांद्यावर लाल मखमलीचा पडदा बांधला. पडद्याच्या कड्या तशाच होत्या, त्या चालताना वाजायच्या. डोक्यावर पिसाची टोपी. पेन्सिल कानावर तशीच. सिंहासन साहेबाच्या मापाचं, त्यामुळे महादेव बसला की त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबायचे. त्याचा पहिला हुकूम, "मुनाफभाय माझ्याजवळ उभा राह्यला पाह्यजे. मला विंग्रजी जमणार नाय." कारभाऱ्याची चिठ्ठी खरं तर प्रशांतला आली होती. त्याला मी घोडेस्वार करून टाकलं. पोतं काढून मी कारभाऱ्याचा कमरपट्टा बांधला आणि मला उगाचच बरं वाटायला लागलं.

घोडा मिळाला नव्हता, बागवाल्याचं गाढव होतं. प्रशांत हातात झाडू भाल्यासारखा उभा धरून गाढवावर बसला. गाढव दोन पावलं गेलं, पाण्याच्या हौदाशी थांबलं आणि मग संध्याकाळपर्यंत तिथून हललं नाही. प्रशांतने तिथूनच सरदारकी केली.

जेवणानंतर लॉर्डचं शेत नांगरायचा कार्यक्रम होता. साहेब आणि लतीफ बैलांच्या जागी, नांगर धरायला आमचा केरळी अकाउंटंट. तिघांनी जोर लावला. नांगर रेतीत आडवा झाला. अकाउंटंट त्याच्यावर आडवा झाला.

सिंहासनावर महादेवचे पाय हलायला लागले. "काय धरलाय तो! फाळ वर, फाळ वर!"

"बस खाली," मी दबक्या आवाजात म्हटलं. "लॉर्ड लोक नुसते बघतात."

"अरे पण तो मोडंल ना!"

तो उतरलाच. कड्या वाजवत धावला, पडदा खांद्यावर मागे टाकला आणि नांगर हातात घेतला. साहेबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हाँ, चल, सरळ, सरळ!" आणि खरोखर रेतीत नांगराचा सरळ तास पडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखा. साहेब धापा टाकत वळून बघत राहिला. त्याला आपल्याच कामाचा अभिमान वाटत होता.

"लॉर्ड्स डोंट प्लाउ!" मॅडम ओरडत होत्या.

मी महादेवला धरून आणला आणि बसवला. नांगर दुसऱ्या तासाला वळला तेव्हा तो पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळेला मी पडद्याची कडी सिंहासनाच्या खिळ्यात अडकवली.

मग दरबार. सर्फांनी एकेक करून गुडघ्यावर बसायचं आणि लॉर्डला विनंती करायची. लॉर्डने होय किंवा नाही म्हणायचं. होय असेल तर कागदावर लाल मेणबत्तीचं मेण पाडून त्यावर मोहोर उठवायची. मोहोर काही मिळाली नव्हती, म्हणून मॅडमनी थंड पेयाच्या बाटलीचं झाकण दिलं होतं.

आता मी खरं सांगतो. या दरबाराची मी तयारी करून आलो होतो. माझ्या फाइलमध्ये रजेचे आठ अर्ज होते. खरे, कंपनीच्या छापील फॉर्मवर. सगळे साहेबाने परत पाठवलेले. गंमत म्हणून मोहोर उठवून घेऊ, साहेब हसेल, हसता हसता एखाद्यावर सही करेल, एवढाच माझा हिशोब.

पण माझ्या आधी साहेबच पुढे आला. पोत्यासकट गुडघ्यावर बसला, डोकं झुकवलं आणि म्हणाला, "माय लॉर्ड, माझी आई मार्चात ऐंशी वर्षांची होते आहे. मला दोन आठवडे गावाला जाऊ द्या."

मी महादेवला मराठीत सांगितलं. महादेव गोंधळला. साठ माणसं बघत होती. गोंधळला की माणसाच्या तोंडून पाठ असलेलं तेवढं बाहेर पडतं. महादेवला आयुष्यात एकच इंग्रजी उतारा पाठ होता. त्याने कानावरची पेन्सिल काढली, सिंहासनाच्या हातावर दोनदा आपटली आणि म्हणाला,

"नॉट पॉसिबल. हू विल डू युवर वर्क? आफ्टर शटडाउन, वी विल सी."

तोच सूर, तीच मान, शेवटचं ‘वी विल सी’ तसंच नाकातून.

आधी लतीफ हसला. मग सगळी बाग हसायला लागली. हौदाजवळ प्रशांत गाढवावरून खाली घसरला. सगळ्यात जास्त मॅडम हसत होत्या. त्यांची उंच टोपी वाकडी झाली आणि त्या डोळे पुसत म्हणत होत्या, "ओ हॅरल्ड, इट्स यू! इट्स एग्झॅक्टली यू!"

साहेब आधीच लाल होता, आता जांभळा झाला. महादेवला काय घडलं तेच कळेना. "मुनाफभाय, मी काय वाईट बोललो?"

"नाही. तू साहेबाचंच बोललास."

महादेवचं तोंड उतरलं. तो साहेबाकडे बघत राहिला. पोतं, गुडघ्याला रेती, केसांत खजुराची काडी.

"आई हाय का त्याची खरंच?" त्याने विचारलं.

मी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, हो, खरंच आहे. लंडनच्या हेड ऑफिसकडे महिन्यापूर्वी रजा मागितली. ते म्हणाले, शटडाउननंतर बघू.

मी हे सांगितल्यावर महादेव पुढे वाकला. पडदा खिळ्यात अडकला होता, तो टर्रकन फाटला. "मग तो जाऊदे की! आय ऐंशीची झाली म्हणजे काय गंमत हाय? सांग त्याला. यस. गो. चौदा दिवस." आणि साहेबाने मॅडमच्या सांगण्यावरून खेळासाठी लिहिलेला इंग्रजी विनंतीअर्ज त्याने माझ्या हातून घेतला, त्यावर मेण पाडलं, झाकण दाबलं आणि खाली देवनागरीत सही केली, म. बा. गोताड.

मी संधी साधली. फाइल उघडून एकेक अर्ज पुढे केला. महादेव वाचत नव्हता, फक्त विचारत होता. "याला कशाला पाह्यजे? बायकोची तब्येत? यस. याला? भावाचं लग्न? यस." झाकण थपाथप पडत होतं. सात झाले. आठवा त्याचा स्वतःचा होता.

"हा कुणाचा?"

"तुझा. शिमग्याचा."

त्याने हात मागे घेतला. "नाय."

"अरे, मार ना मोहोर!"

"माझ्याच रजेवर मीच मोहोर मारू? बरं दिसत नाय ते. उद्या लोक काय म्हणतील, लॉर्ड झाला नि पह्यली सोताची सोय केलान."

मी त्याला कोपऱ्यात नेऊन समजावलं, हातापाया पडलो, लांज्याच्या सगळ्या देवांची नावं घेतली. नाही म्हणजे नाही. आठशे वर्षांत असा बिनडोक लॉर्ड झाला नसेल. शेवटी मी मॅडमकडे गेलो. "मॅडम, लॉर्डला रजा हवी असेल तर तो कुणाकडे मागतो?"

"राजाकडे," मॅडम म्हणाल्या. "सगळी जमीन शेवटी राजाची."

"इथे राजा कोण आहे?"

मॅडमनी बागेकडे बघितलं. मेण थंड होत आलं होतं, सूर्यही खाली आला होता. त्यांनी टोपी सरळ केली. "राजा नाही," त्या म्हणाल्या, "राणी आहे." आणि झाकण हातात घेऊन त्यांनी मोहोर उठवली. वर लिहिलं, ‘पामेला, क्वीन.’

तेवढ्यात अजान झाली. महादेवने टोपी काढून ठेवली, खाली उतरला आणि सिंहासनाचा पाय हलवून बघितला.

शनिवारी सकाळी मी आठही अर्ज साहेबाच्या टेबलावर ठेवले. मेणाने ते एकमेकांना चिकटले होते. साहेबाने वरचा उचलला तेव्हा सगळे एकदम उचलले गेले.

"मुनाफ, इज धिस अ जोक?"

"नो सर. मेडीवल."

त्याने मला बाहेर जायला सांगितलं. नोकरी गेली असं समजून मी नसीमाला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. पण राणीची सही असलेला कागद त्यांना परत देऊ नका, फ्रेम करू."

दुपारी साहेब घरी जेवायला गेला. तिथे काय झालं ते मला माहीत नाही. पण परत आल्यावर आठ अर्ज पट्टीने सोडवून त्याने एकेकावर सही केली. कुणाचे दिवस कापले, कुणाच्या तारखा पुढेमागे केल्या. महादेवला महिना हवा होता, अठरा दिवस मिळाले. शिमगा मधोमध बसत होता.

मग साहेबाने मला बोलावून स्वतःचा अर्ज दिला, लॉर्डच्या मोहोरेचा. "फॅक्स धिस टू लंडन," तो म्हणाला. तो हसतो आहे की नाही ते मला कळेना. लंडनला वाचता यावं म्हणून मी सहीखाली इंग्रजीत ‘लॉर्ड गोताड’ असं टाइप केलं आणि फॅक्स केला. मशिनमधून झाकणाची दातेरी कडा अगदी स्वच्छ गेली.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी फॅक्स मशिन कुरकुरलं. हेड ऑफिसचा कागद आला. वर लिहिलं होतं, ‘दोन आठवडे मंजूर.’ आणि खाली हाताने, ‘लॉर्ड गोताड कोण? त्यांच्याशी पुढचा करार आपण करणार आहोत का?’

साहेबाने ती ओळ मला दोनदा मोठ्याने वाचायला लावली. मग स्वतः उठून वर्कशॉपमध्ये गेला. महादेव एका दाराला रंधा मारत होता. साहेब त्याच्यासमोर उभा राहिला, वाकला आणि म्हणाला, "थँक यू, माय लॉर्ड."

"दार घट्ट बसत नव्हतं," महादेव मला म्हणाला. "त्याचंच थँक्यू असंल."

मार्चात दोघेही गेले. साहेब उत्तरेकडे, महादेव पूर्वेकडे, दोन दिवसांच्या अंतराने. शटडाउन त्यांच्याविना थोडा लांबला, पण मशिनं पुन्हा सुरू झाली. साहेबाच्या कामाचं काय होणार हा प्रश्न होता, ते मी केलं. काही विशेष नव्हतं. बहुतेक वेळा पेन आपटायचं असतं.

परत आल्यावर महादेवने स्टोअरच्या काउंटरवर काजूची पिशवी ठेवली. उजवा खांदा सुजून वर आला होता.

"कसा झाला शिमगा?" मी विचारलं.

"पालखी नाचवली," तो म्हणाला. बराच वेळ नुसता हसत उभा राहिला. मग म्हणाला, "मुनाफभाय, हात वर जात नाय. मेडिकल लीव्हचा फॉर्म असंल तर दे एक."